पहिलटकरणीच्या मनाचं वेळापत्रक

पाळी चुकते, घरच्या तपासणीत दोन रेघा उमटतात आणि तिथून पुढचे दोन-अडीच महिने बहुतेक घरांत गुपचूप जातात. तीन महिने पुरे झाल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्याला कारणही आहे. दिवस गेल्याचं कळल्यावर शंभरांतल्या दहा ते पंधरा जणींचा गर्भ आपोआप पडून जातो आणि तो बहुधा पहिल्या बारा आठवड्यांतच. पण या गुप्ततेचा भार एकट्या तिच्यावर येतो. गरोदरपणात वाढणारं एचसीजी हे संप्रेरक आठव्या ते अकराव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मळमळही त्याच सुमारास जोरात असते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे भरदुपारी डोळे मिटायला लागतात. एवढी उलथापालथ चालू असताना तिला लोकलमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये, सासरच्या लग्नकार्यात काहीच झालं नसल्यासारखं वावरावं लागतं. आणि गर्भ राहिला नाही, तर ज्या बातमीचा आनंद कुणाला सांगितला नव्हता, तिचं दुःखही सांगता येत नाही.

या दिवसांत मनात दोन्ही गोष्टी एकाच वेळी असतात. मूल हवं असतं आणि आत्ताच का राहिलं, असंही वाटतं. ठरवून राहिलेल्या दिवसांतही हे होतं. पुढचं शिक्षण, बढती, भाड्याचं घर, नवऱ्याशी अजून पुरती न बसलेली घडी, सगळं एकदम डोळ्यांसमोर येतं. पोटात अजून काही जाणवत नाही, जाणवतात त्या फक्त ओकाऱ्या. अशा वेळी ‘मला आनंद कसा होत नाही?’ या प्रश्नाने पोरी स्वतःलाच दोषी ठरवतात. हा प्रश्न पडणं पहिल्या तिमाहीत अगदी सर्रास आहे आणि त्यावरून ती पुढे कशी आई होणार, याचा काही पत्ता लागत नाही.

बाळंतपणाचं शारीरिक वेळापत्रक आपल्या घराघरांत पाठ असतं. चोरओटी कधी, माहेरी कधी आणायचं, अळीव कधी द्यायचे, डिंकाचे लाडू कधी सुरू करायचे, शेक किती दिवस द्यायचा, हे एखादी आजी झोपेतही सांगेल. मनालाही असंच वेळापत्रक असतं, त्यातले टप्पे बऱ्यापैकी ठरलेले असतात, पण ते पहिलटकरणीला आधी कुणी सांगत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर तिला वाटतं की बिघडलंय ते आपल्यातच.

पहिली हालचाल पहिलटकरणीला साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात कळते. दुसऱ्या खेपेला ती आधी कळते, कारण काय ओळखायचं ते ठाऊक असतं. पहिल्यांदा मात्र ते पोटातल्या वाऱ्यासारखं वाटतं. बुडबुडा फुटल्यासारखं काहीतरी होतं, ती हातातलं काम थांबवते, पुन्हा होईल म्हणून वाट बघते आणि नेमकं तेव्हा होत नाही. दोन-चार दिवसांनी रात्री डाव्या कुशीवर पडल्यावर परत होतं आणि या वेळी शंका राहत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर सगळ्या घराने पाहिलेलं बाळ आणि आता फक्त तिला कळणारं बाळ, यांत फार अंतर आहे. अनेकींच्या मनात मूल खरं होतं ते या टप्प्याला.

इथून कल्पनाशक्ती धावायला लागते. डॅनिएल स्टर्न या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने आयांच्या मनातल्या या बाळाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९९५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. चौथ्या ते सातव्या महिन्यात मनातलं बाळ भराभर आकार घेतं. त्याचं नाक, रंग, स्वभाव, ते कुणावर जाईल, सगळं ठरत जातं. मग आठव्या-नवव्या महिन्यात हे चित्र पुन्हा पुसट होऊ लागतं. स्टर्न यांचा अंदाज असा की, येणाऱ्या खऱ्या बाळाला जागा मिळावी आणि मनातल्या बाळाशी त्याची तुलना होऊ नये, म्हणून मनच ते चित्र मागे सारतं. बाळाबरोबर आणखी एक काम आत चालू असतं. ती आपल्या आईचा नव्याने विचार करायला लागते. आईने आपल्याला कसं वाढवलं, काय तसंच करायचं, काय चुकूनही करायचं नाही, याचा हिशेब या महिन्यांत मांडला जातो आणि माहेरी गेल्यावर आईशी बारीकसारीक कारणांवरून उडणाऱ्या खटक्यांचं मूळ बऱ्याचदा तिथे असतं.

मनातलं चित्र असं भरात असतानाच सातव्या महिन्यात डोहाळजेवण येतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, ओटी आणि शेवटी दोन झाकलेल्या वाट्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फी निघाल्यावर टाळ्या किती जोरात वाजल्या आणि ‘असू दे, पहिली बेटी धनाची पेटी’ असं सांत्वन कोण करून गेलं, हे तिच्या ध्यानात राहतं. गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, पण अपेक्षा वाटीखालून कळते. तिला हा खेळ नकोसा वाटत असेल, तर घरच्यांनी तो वगळावा असं मला मनापासून वाटतं. गोव्यातल्या एका अभ्यासाबद्दल पुढे लिहिलं आहे, तो वाचल्यावर हा खेळ पूर्वीसारखा निरागस वाटत नाही.

नववा महिना भीतीचा. पोटामुळे झोप तुटते, जाग वारंवार येते, म्हणून स्वप्नंही जास्त लक्षात राहतात. बाळ कुठेतरी विसरून आलो, बाळ हातातून निसटलं, अशी स्वप्नं या काळात अनेकींना पडतात. तो अपशकुन नव्हे. भेटायला येणाऱ्या बायका आपापल्या कळांच्या आणि टाक्यांच्या हकिगती तिखटमीठ लावून सांगतात, त्या मात्र थांबवता येतात आणि थांबवाव्यात. भीती कमी करणारी सर्वांत खात्रीची गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. कळा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत आधार देणारं एक माणूस सतत जवळ असलं, तर कळांचा काळ थोडा कमी होतो, सिझरचं प्रमाण घटतं आणि नंतर त्या अनुभवाबद्दल मनात कडवटपणा कमी राहतो, हे पंधरा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या चाचण्या एकत्र मांडल्यावर दिसलं आहे. आपल्याकडे २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी रुग्णालयांतही प्रसूतीच्या वेळी नात्यातली बाई सोबत ठेवायला मुभा दिली. तरी कितीतरी ठिकाणी आई दाराबाहेरच बसलेली असते. आधीच्या तपासणीला गेल्यावर हे विचारून ठेवावं.

मग बाळ होतं. पुसून, दुपट्यात गुंडाळून तिच्याजवळ आणतात. सिनेमात इथे अश्रू आणि हसू असतं. लंडनमध्ये रॉब्सन आणि कुमार या दोन संशोधकांनी बाळंतिणींना या क्षणाबद्दल विचारलं होतं. त्यांचा अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मुख्यतः काहीच वाटलं नाही, असं सांगणाऱ्या पहिलटकरणी जवळजवळ ४० टक्के होत्या. यांतल्या बहुतेकींना आठवडाभरात बाळाबद्दल माया वाटायला लागली. म्हणजे दहातल्या चौघींना तो क्षण कोरडा गेला आणि पुढे बहुतेकींचं सगळं ठीक झालं. बारा-चौदा तास कळा सोसलेली, टाके पडलेली किंवा सिझरनंतर कमरेखाली अजून बधिर असलेली बाई त्या क्षणी दमलेली असते, हे उघड आहे. पण पलंगाभोवती फोन रोखून उभ्या असलेल्या माणसांना तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला हवं असतं. म्हणून ती हसते आणि मनात म्हणते, मला काहीच का वाटत नाहीये? माया लागण्याची वेळ प्रत्येकीची निराळी असते. कुणाला पहिल्या रडण्याला लागते, कुणाला दहाव्या दिवशी, कुणाला बाळ दीड-दोन महिन्यांचं होऊन तिच्याकडे बघून खरोखर हसलं तेव्हा. बाळ काचेच्या पेटीत ठेवलेलं असेल तर आणखी उशीर लागतो.

तिसरा दिवस वेगळा सांगायला हवा, कारण या दिवशी शरीरात एकाच वेळी दोन मोठ्या घडामोडी चालू असतात. गरोदरपणातलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन मुख्यतः वार तयार करत असते. वार पडली की हा पुरवठा एकदम बंद होतो. नऊ महिने चढत गेलेली पातळी मोजक्या दिवसांत खाली येते. दुसरीकडे, प्रोजेस्टेरॉन उतरल्यामुळेच दुसऱ्या ते चौथ्या दिवसात दूध उतरतं. चिकाच्या जागी दूध येतं, छाती दगडासारखी होते, ब्लाउज ओले होतात, बाळाला नीट पकडता येत नाही. टाके ओढतात. दोन रात्री झोप नाही. बहुधा त्याच दिवशी दवाखान्यातून घरी सोडतात आणि घरी पाहुणे पेढे घ्यायला बसलेले असतात.

अशा वेळी ती रडते. चहा गार झाला म्हणून रडते, नवऱ्याने प्रेमाने विचारलं म्हणून रडते, बाळ किती लहान आहे या विचाराने रडते. तासाभराने बरीही असते. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना हे होतं. तिसऱ्या ते पाचव्या दिवसात त्याचा जोर असतो आणि दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप ओसरतं. याला औषध लागत नाही. लागते ती थोडी झोप, बंद दार आणि ‘रडू नकोस, दूध आटेल’ हे वाक्य न म्हणणारं माणूस. पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते म्हणून घरात जाग ठेवतात, पाटा-वरवंटा मांडतात, पूजा होते. ज्या पोरीला त्या रात्री रडू आवरत नसतं, तिला जागरणातून सूट देऊन आत झोपवलं तर सटवाई काही रागावणार नाही.

यापुढचा सव्वा महिना हे आपल्या चालीरीतींचं सर्वांत मोठं देणं आहे, असं मला वाटतं. ज्या मुलीला माहेर आहे आणि माहेरी हौस आहे, तिला हातात ताट मिळतं, न्हाऊमाखू घालायला बाई येते, स्वयंपाकघरात पाय ठेवावा लागत नाही. जगातल्या कितीतरी बायकांना याचा दशांशही मिळत नाही. पुण्यात दोघंच राहणाऱ्या जोडप्यांना, ऊसतोडीच्या फडावर बाळंत होणाऱ्या बाईला, परदेशात आईच्या व्हिसाची वाट बघत बसलेल्या मुलीला याची किंमत विचारावी. मात्र याच सव्वा महिन्यात खिडक्या बंद असतात, बाहेर पडायचं नसतं आणि खोलीत येणारं प्रत्येक माणूस एक मत ठेवून जातं. बाळाला कान बांधले नाहीत, टाळू भरली नाही, अंगावरचं पुरत नाही वाटतं. आधार आणि देखरेख एकाच हाताने येतात. कुठल्या घरात कुठलं वजन जास्त, त्यावर तिचा सव्वा महिना कसा जातो ते ठरतं.

रात्रीचा हिशेब मांडून पाहू. नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण ती झोप दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत असते, कारण त्याला दिवस-रात्र कळत नाही. ती लय बसायला दोन-तीन महिने जातात. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं. दहा वेळा धरू. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, परत निजवणं मिळून एका वेळेला पाऊण तास. हे झाले साडेसात तास, म्हणजे नोकरीचा एक पूर्ण दिवस, आणि त्यातला मोठा भाग रात्री. प्रोलॅक्टिन हे दूध तयार करणारं संप्रेरकही रात्रीच जास्त असतं, त्यामुळे रात्रीचं पाजणं सोडूनही चालत नाही. दोन वाजता पाजलं, पावणेतीनला निजवलं, सव्वातीनला तिचा डोळा लागला आणि साडेचारला पुन्हा रडणं. सहा तासांची झोप अशा चार तुकड्यांत मिळाली की मन सहा तास झोपल्यासारखं वागत नाही. चिडचिड होते, शब्द आठवत नाहीत, लहानशी अडचण डोंगराएवढी दिसते. म्हणून घरच्यांनी द्यावी अशी सर्वांत मोलाची भेट म्हणजे सलग झोप. पाजून झाल्यावर बाळ दुसऱ्या खोलीत न्यायचं, ढेकर आणि लंगोट नवऱ्याने किंवा आजीने बघायचं आणि पुढच्या पाजण्यापर्यंत तिला हाक मारायची नाही.

दूध पुरतंय का, या प्रश्नावर तर किती बायका झुरल्या असतील. पान्हा सुटणं ऑक्सिटोसिनवर अवलंबून असतं आणि ताण, लाज किंवा दुखणं यांनी ते अडतं. चार जणींनी ‘पुरत नाही’ म्हटलं की तिला ताण येतो, पान्हा अडतो, बाळ रडतं आणि चौघींचं म्हणणं खरं ठरतं. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. एवढं मोजावं आणि बाकीची चर्चा बंद करावी.

रडण्याचंही वेळापत्रक आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी आयांना बाळांच्या रडण्याच्या नोंदी ठेवायला लावल्या आणि १९६२ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. निरोगी बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यानंतर वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. जोर संध्याकाळी असतो. आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा. सव्वा महिना संपतो तेव्हा न्हाऊ घालणारी बाई जाते, पथ्य सुटतं, शेक थांबतो, पाहुणे ओसरतात, नवरा आपल्या कामाला लागलेला असतो. गावात आशाताई नवजात बाळाला बघायला घरी येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या संस्थेतर्फे गडचिरोलीत उभी केलेली ही पद्धत. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशभर स्वीकारली गेली. या भेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. त्यानंतरची भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे बाळ सर्वांत जास्त रडतं, आईची झोपेची उधारी सर्वांत मोठी झालेली असते, तेव्हाच सगळे हात एकदम निघून जातात. मदत थोडी कमी करून दोन आठवडे जास्त ताणता आली, तर ती जास्त उपयोगी पडेल.

या सगळ्यात ती बदलत असते आणि तो बदल मेंदूत दिसतो. बार्सिलोनात पंचवीस स्त्रियांच्या मेंदूचे स्कॅन पहिल्या गरोदरपणाआधी आणि नंतर घेतले गेले. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. दुसऱ्याचं मन ओळखण्याशी संबंधित भागांतला करडा पदार्थ सगळ्याच जणींत कमी झाला होता आणि हा बदल निदान दोन वर्षं टिकला. ज्यांच्यात बदल जास्त, त्यांचं बाळाशी नातंही जास्त घट्ट आढळलं. स्मरणशक्ती मात्र घटलेली दिसली नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५६ मध्येच लिहिलं होतं की, शेवटच्या आठवड्यांपासून बाळ काही आठवड्यांचं होईपर्यंत आई एका वेगळ्याच तंद्रीत असते. ही तंद्री एरवी आजार वाटावी, इतकी ती बाळाच्या बारीक हालचालींशी जोडलेली असते आणि बाहेर आल्यावर तिला ते दिवस नीट आठवतही नाहीत. शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत नाही आणि बाळाचं कण्हणं झोपेत ऐकू येतं, ते या तंद्रीमुळे.

या सावधपणाला एक भयंकर वाटणारी बाजू आहे आणि तिच्याविषयी जवळजवळ कुणी बोलत नाही. गॅलरीत बाळाला घेऊन उभी असताना मनात येतं, हे हातातून खाली पडलं तर? मग त्याहून वाईट येतं, मीच टाकलं तर? विळीकडे नजर जाते आणि अंगावर काटा येतो. न्हाणीघरातलं कढत पाणी, उशी, जिना, कशावरूनही असं चित्र झर्रकन येऊन जातं. कॅनडात पहिलटकरणींना विश्वासात घेऊन हे विचारलं गेलं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळाला अपघात होईल असे विचार जवळपास सगळ्याच जणींना आले होते आणि आपण स्वतः बाळाला इजा करू असे विचार साधारण निम्म्या जणींना. हे विचार त्या आईला नकोसे असतात, त्यांनी ती घाबरते, विळी आत ठेवते, गॅलरीत जायचं टाळते. घाबरणं हीच खूण की ती तसं करू पाहत नाही. असा विचार मनात आला म्हणून कुणी वाईट आई होत नाही आणि तो जवळच्या माणसाला सांगितला की त्याचं बळ बरंच कमी होतं. दिवसभर तोच विचार घोळत राहिला, त्यापायी बाळाला हात लावायचीच भीती वाटू लागली, तर डॉक्टरांना सांगावं. त्यावर उपचार आहेत.

याहून पूर्ण वेगळी अवस्था हजारात एक-दोघींना होते. बाळंत झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच बहुधा ती सुरू होते. बाई दिवसचे दिवस झोपत नाही आणि तिला झोप हवीशीही वाटत नाही, असंबद्ध बोलते, नसलेले आवाज ऐकते, बाळ बदललंय किंवा बाळात काहीतरी शिरलंय असं तिला खरंच वाटतं आणि त्याची तिला भीती वाटत नाही, खात्री असते. याला बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेण्यात लाखमोलाचे दिवस जातात. त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं आणि बाळाजवळ तिला एकटं ठेवू नये. नीट उपचार झाले की यांतल्या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळं करता येत नाही.

तिसऱ्या दिवसाचं रडणं आणि ही अवस्था, या दोहोंच्या मध्ये आहे ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. ते शांत असतं, म्हणून ते दिसत नाही. भारतातल्या अडतीस अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा त्याचं प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. आपल्याकडच्या बायका ‘मला उदास वाटतं’ असं क्वचितच म्हणतात. त्या सांगतात, डोकं जड आहे, अंग मोडून आलंय, घास उतरत नाही, कशात जीव रमत नाही. विचारण्यासारखा एक साधा प्रश्न आहे. बाळ झोपल्यावर तुला झोप येते का? दमलेल्या आईला लगेच येते. नैराश्यातली आई बाळ झोपलेलं असतानाही छताकडे बघत पडून असते. दवाखान्यांत वापरण्यासाठी एडिंबरामध्ये १९८७ साली दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली, तिला पाच-दहा मिनिटं पुरतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तो विचारल्याने असे विचार मनात पेरले जात नाहीत, उलट आधीच असतील तर त्यांना वाट मिळते.

आता तो गोव्यातला अभ्यास. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका जिल्हा रुग्णालयात २७० बायकांची गरोदरपणापासून पाहणी केली. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के आया नैराश्यात होत्या. गरिबी आणि नवऱ्याशी बिनसलेले संबंध ही मोठी कारणं होती. मुलगी झाली हेही कारण निघालं आणि घरात मारहाण किंवा उपासमार असेल तर तिचा परिणाम बाळाच्या लिंगानुसार कमीजास्त होत होता. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आकडा वेगळा आहे. या नैराश्यातल्या आयांपैकी ७८ टक्के जणी गरोदरपणातच मनाने ढासळलेल्या होत्या. म्हणजे ज्याला आपण बाळंतपणानंतरचं म्हणतो, ते कितीतरी जणींत बाळंतपणाआधीच सुरू झालेलं असतं. त्या महिन्यांत ती दर चार आठवड्यांनी दवाखान्यात जात असते, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळं मोजून घेत असते. तिथेच कुणी दोन मिनिटं विचारलं असतं, तर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत थांबावं लागलं नसतं.

उपचारांसाठी फार मोठी यंत्रणा लागते असंही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना नैराश्यातल्या गरोदर बायकांशी पद्धतशीर बोलायला शिकवलं. २००८ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा अशा भेटी मिळालेल्यांत नैराश्य २३ टक्के होतं, नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के. पुढे हीच पद्धत गोव्यात ‘संगत’ या संस्थेने वापरली. तिथे त्याच वस्तीतल्या, स्वतः आई असलेल्या बायकांना शिकवून ‘सखी’ केलं. सखी गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत सहा ते चौदा वेळा घरी जायची. मनातला घातक विचार ओळखायचा, त्याजागी दुसरा ठेवून बघायचा आणि पुढच्या भेटीपर्यंत करायची एक छोटी गोष्ट ठरवायची. दुपारी ताट वाढून बसून जेवायचं, अर्धा तास बाळ सासूकडे देऊन बाहेर फिरून यायचं, नवऱ्याला एक काम नाव घेऊन सांगायचं. सासू आणि नवऱ्यालाही बोलण्यात घ्यायचं. ज्यांना सखी मिळाली त्यांच्यात बऱ्या झालेल्यांचं प्रमाण जास्त आढळलं. आजार जास्त असेल तर औषध लागतं. सर्ट्रालिनसारखी काही औषधं दुधात फार थोडी उतरतात आणि अंगावर पाजतानाही दिली जातात, म्हणून ‘बाळाला पाजायचंय’ या कारणाने औषध मनाने बंद करू नये. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला तर मराठीतही बोलता येतं.

सहाव्या महिन्यात उष्टावण होतं. बाळाला पहिल्यांदा खिरीचा घास मिळतो आणि त्याबरोबर एक व्यवहारातला मोठा बदल होतो. आतापर्यंत बाळाचं पोट फक्त तिच्याकडून भरत होतं, आता ते दुसऱ्या हातांनीही भरता येतं. संघटित क्षेत्रातली सव्वीस आठवड्यांची रजाही याच सुमारास संपते, बऱ्याच जणी सासरी परततात. बाळाची रात्र बऱ्यापैकी लांबलेली असते आणि बहुतेक आया या वेळेपर्यंत सावरलेल्या असतात. गोव्यातल्या अभ्यासात मात्र सहा ते आठ आठवड्यांना नैराश्यात असलेल्या निम्म्याहून जास्त जणी सहाव्या महिन्यातही बऱ्या झालेल्या नव्हत्या आणि तोवर त्यांना कुणी काही विचारेनासं झालेलं असतं. त्यामुळे उष्टावणाला जमलेल्या आत्या-मावश्यांनी बाळाला दात आले का ते बघून झालं की, तिला बाजूला घेऊन दोन प्रश्न करावेत: रात्री बाळ झोपल्यावर झोप येते का आणि जेवण जातं का.